पंपाला पाना आहे, मग गाडीला का नाही?



आपल्या घरात विहिरीच्या मोटारीचे पाने असतात, फवारणी पंपाचे वायसर असतात, पेरणीयंत्राचे नटबोल्ट असतात. अन् ज्या गाडीवर लेकरंबाळं घेऊन येरमाळ्याला जातो, तिच्यासाठी काय? एक गंजलेली पक्कड. मला हे अजिबात पटत नाही.

१९८५ ला सीडी हंड्रेड आली, तेव्हा जाहिरात होती: पेट्रोल भरा, झाकण लावा अन् विसरा. कंपनी सांगत होती ॲव्हरेजचं, आपण गाडीच विसरलो.

माझंच सांगतो. मागच्या खरिपात चेन वाजत होती. सोयाबीनची फवारणी उरकू, मग बघू म्हणत पंधरा दिवस काढले. तेरखेड्याजवळ हायवेवर चेन उतरली, मागचं चाक जाम. मागं मालकीण बसलेली. पाठीमागं ट्रक नव्हता म्हणून आज हे लिहितोय. काम होतं अर्ध्या तासाचं.

काहीजण म्हणतात, "मिस्त्री आहे की." आहे ना! इंजिन, क्लचप्लेट त्याच्याकडंच न्या. २०२० नंतरच्या बीएस-सहा गाडीच्या वायरिंग-सेन्सरला तर हातच लावू नका. पण चेन, हवा, ऑइल, केबल ही घरची कामं आहेत.

घ्यायचं काय?
- फिक्स पाने अन् रिंग पाने. घट्ट नटाला रिंगच लावा. पक्कड अन् स्क्रू पान्यानं नट गोल होतो, मग छिन्नी लागते.
- प्लग पाना, चांगला स्क्रू ड्रायव्हर.
- हवा मोजायचं मीटर. अंगठा दाबून हवा कळत नाही.
- ब्रश, चेनचं ऑइल, ग्रीस.

चेन करताना गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, चाक हातानं फिरवा. चालू इंजिनवर फडकं धरलं की बोटं गेली समजा. चेन किती ढिली ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात आहे. दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवा. चाक मागं सरकलं की ड्रम ब्रेक आवळतो, तोही परत सेट करा.

ऑइलचा नट ताकद लावून पिळू नका, आटे गेले तर खर्च वाढतो. अन् काढलेलं जळकं ऑइल बांधावर ओतू नका, डब्यात भरून मिस्त्रीकडं द्या. एकीकडं जमिनीचा कर्ब वाढवायचा अन् दुसरीकडं तीच माती नासवायची, हे कसं चालेल?

बैलांना पोळ्याला तरी खांदेमळणी करतो आपण. गाडी तर रोज राबते. दर अमावस्येला अर्धा तास द्या.

तुमच्या घरात कोणते पाने आहेत? खरं सांगा.