ऑइलच्या चेंबरला तोटी का नाही?

धुळ्याहून जळगावकडे निघालं की फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावं लागतात. हा राष्ट्रीय महामार्ग ५३, पूर्वीचा क्रमांक ६. सुरतेकडून नागपूरकडे जाणाऱ्या या रस्त्याला धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता छेदतो, म्हणून चारी दिशांचे ट्रक इथून जातात: कापसाच्या गाठी, डाळी, पीव्हीसी पाइप, रावेर-सावद्याची केळी. ट्रक थांबतात तिथे आधी पंक्चरवाला येतो, मग फिटर, मग ऑइलचं दुकान, आणि बघता बघता गॅरेजांची ओळ उभी राहते. ही जमीन कपाशीची, काळी. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइलही काळं. त्यामुळे सांडलेलं ऑइल इथे दिसतच नाही. पहिल्या पावसात डबक्यावर रंगीत तवंग आला की तेवढ्यापुरतं लक्षात येतं. ते मुळात का सांडतं, याचं कारण मला तरी माणसांच्या निष्काळजीपणापेक्षा इंजिनाच्या तळाशी ऑइल काढण्यासाठी असलेल्या एका नटात दिसतं. ट्रक आणि बसच्या ऑइल चेंबरला त्या नटाच्या जागी उघड-मिट करता येणारी तोटी असावी, गॅरेजच्या भाषेत ड्रेन व्हॉल्व्ह, आणि ती कारखान्यातूनच बसून यावी, असं माझं म्हणणं आहे.

आज ऑइल बदलतात कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. इंजिन गरम असतानाच ऑइल काढायचं, कारण गरम ऑइल पातळ होऊन गाळ सोबत घेऊन उतरतं. नियम बरोबरच आहे. पण चालत्या इंजिनात ऑइलचं तापमान शंभर अंशांच्या आसपास असतं आणि गाडी उभी केल्यावर ते लगेच उतरत नाही. गाडीखाली उताणा झालेला पोरगा पान्याने नट सैल करतो, शेवटचे दोन-तीन आटे बोटांनी फिरवतो आणि हात मागे घेईपर्यंत धार मनगटावरून कोपराकडे आलेली असते. नट निसटून डब्यात पडतो, तो नंतर त्याच ऑइलमध्ये बोटं घालून शोधायचा. धार सुरुवातीला लांब पडते, चेंबर रिकामा होऊ लागला की जवळ सरकते, म्हणून डबाही सरकवत राहावं लागतं. इंजिनात ऑइल पंधरा-वीस लिटर आणि खाली कापलेला पत्र्याचा डबा पंधरा लिटरचा. एक भरून दुसरा येईपर्यंत मधली धार जमिनीची. नट परत लावताना तांब्याचा वॉशर नवा घालायचा असतो, पण बहुधा जुनाच चालवतात आणि गळू नये म्हणून नट जास्त आवळतात. असं चार-सहा वेळा झालं की आटे मरतात. मग एम-सील, मग थेंब थेंब गळती, मग ती गळती गाडी जाईल तिथे.

तोटी म्हणजे त्याच आट्यांत बसणारा पितळी तुकडा. आत भोक पाडलेला गोळा, बाहेर बोटभर दांडी. दांडी जरा उचलून पाव फेरा दिला की वाट उघडते, मिटली की स्प्रिंग दांडीला खाचेत धरून ठेवते. तोंडाला नळी लावायची, नळीचं दुसरं टोक झाकणाच्या कॅनमध्ये सोडायचं. पाना लागत नाही, हात भाजत नाही, आटे वर्षानुवर्षे तसेच राहतात. परदेशात हौशी लोक ही वस्तू सोयीसाठी वापरतात आणि तिथल्या चर्चाही वेळ किती वाचतो यावरच चालतात. आपल्याकडे वेळेचा मुद्दा मला दुय्यम वाटतो. नळीमुळे ऑइल पहिल्या थेंबापासून बंद भांड्यात जातं, मोजता येतं, आणि त्यात माती, पाणी, सुटे भाग धुतलेलं डिझेल मिसळत नाही, हा खरा फायदा.

ही कल्पना ट्रकला परकी आहे असंही नाही. त्याच गाडीच्या हवेच्या टाक्यांना खालून ड्रेन कॉक असतो. सकाळी निघण्याआधी क्लीनर कडी ओढतो, फुस्स आवाज होतो आणि रात्रभर साचलेलं पाणी बाहेर पडतं. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढायलाही हाताने फिरवायची चकती असते. म्हणजे हवेतलं पाणी, डिझेलमधलं पाणी, दोन्हींना तोटी आहे. ज्या द्रवाला जमिनीवर पडू द्यायचंच नाही, नट फक्त त्याला. छोट्या पिस्टन विमानांत तर झटपट निचऱ्याचा व्हॉल्व्ह सर्रास बसवतात, आणि धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर वैमानिक घडवण्याचं शिक्षण ज्या विमानांवर चालत आलं, ती याच जातीची. उडताना ऑइल गळून गेलं तर कडेला थांबायची सोय नसते. तिथे ज्या झडपेवर भरवसा ठेवतात ती जमिनीवरच्या ट्रकला धोक्याची ठरते, हे पटवून घेणं मला अवघड जातं.

आता थोडंसं सांडलं तर एवढं काय बिघडलं, हा प्रश्न. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं म्हणणं असं की एका ऑइल चेंजमधलं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडं पाणी नासवू शकतं. तो हिशेब मोटारगाडीच्या चार-पाच लिटरचा आहे. ट्रकचं ऑइल त्याच्या तिप्पट-चौपट. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाची झीज, काजळी, अर्धवट जळलेल्या इंधनाची संयुगं असतात, आणि ते कातडीवर लावलेल्या उंदरांना गाठी झाल्याच्या नोंदी जुन्या आहेत. कोपरापर्यंत काळा झालेला तो हात रोजचा आहे, हे इथे आठवावं. पाण्याचा मुद्दा तर खानदेशाला वेगळा सांगायला नको. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजलाचा उपसा अति झाल्याच्या सरकारी नोंदी वर्षानुवर्षांच्या आहेत. धुळे जिल्ह्यात सुरेश खानापूरकरांनी शिरपूर पॅटर्न उभा केला तो नाले खोल-रुंद करून, बंधाऱ्यांची साखळी बांधून, पाणी खाली मुरवण्यासाठी. पाणी मुरावं म्हणून खोदलेला नाला वाहत आलेल्या ऑइलला बाजूला काढत नाही.

यावर गॅरेजवाला म्हणेल, आणि त्याचं म्हणणं खरं आहे, की जळकं ऑइल कोणी फेकत नाही. त्याला गिऱ्हाईक आहे. सेंट्रिंगच्या फळ्यांना ते लावतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडतात, भट्टीत जाळतात. पण हे गिऱ्हाईक घाणेरड्या ऑइललाही चालतं, आणि ऑइल घाण झालं की दुसरं गिऱ्हाईक उरत नाही, हाच तर पेच आहे. वापरलेलं ऑइल शुद्ध करून पुन्हा वंगण बनवता येतं. त्याच अमेरिकी संस्थेच्या हिशेबाने ४२ गॅलन कच्च्या तेलापासून जेवढं वंगण मिळतं, तेवढंच एक गॅलन वापरलेल्या ऑइलमधून मिळतं. आपला कायदाही त्याच दिशेने गेला आहे. २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं, आणि २०२३ साली त्यात सुधारणा होऊन १ एप्रिल २०२४पासून वंगण उत्पादकांवर ते गोळा होऊन पुनर्वापरात जाईल हे पाहण्याची जबाबदारी आली. नोंदणी, प्रमाणपत्रं, उद्दिष्टं, सगळं कागदावर नीट आहे. मात्र ही साखळी सुरू होते ती गाडीखाली झोपलेल्या त्या पोरापासून, आणि तिथे कायद्याने काहीच बदललेलं नाही. पाणी-माती मिसळलेला डबा शुद्धीकरण करणाऱ्याला नको असतो. तो भट्टीवाल्याकडेच जातो. तोटीने सगळं ऑइल आपोआप योग्य जागी पोहोचेल असं मी म्हणत नाही. योग्य जागी पोहोचण्याच्या लायकीचं मात्र ते राहील.

हरकती आहेत, आणि सगळ्या पोकळ नाहीत. खाली लोंबणारी तोटी दगडाने तुटेल, ही पहिली. बहुतेक ट्रकमध्ये पुढचा ॲक्सल चेंबरपेक्षा खाली असतो, त्यामुळे दगड आधी त्याला भेटतो. तरी खाणीत आणि नदीपात्रात उतरणाऱ्या डंपरला मी ही तोटी सुचवणार नाही. भोक नटाच्या भोकापेक्षा लहान, म्हणून ऑइल सावकाश उतरतं, हे मान्य. पण तेवढ्या वेळात फिल्टर बदलून होतो आणि गरम ऑइल काढायचा नियम तोटीलाही लागू आहे. तळाशी थोडं ऑइल राहतं ही तक्रारही रास्त आहे, कारण काही तोट्यांचा आट्यांचा भाग आत जास्त शिरतो. कारखान्याने चेंबर बनवतानाच जागा करून दिली तर ती उरत नाही, आणि वॉरंटीचा वादही मिटतो. कारखान्यातून बसून यावी असा माझा आग्रह यासाठीच. जाणता फिटर आणखी एक गोष्ट काढेल: काही गाड्यांच्या नटाला लोहचुंबक असतं, त्यावर चिकटलेला लोखंडी चुरा पाहून इंजिन आतून किती झिजलं याचा अंदाज येतो. ही माहिती तोटीने जाते, आणि ती गेल्याचं मला वाईट वाटतं. बदल्यात, ऑइल पूर्ण न काढता बाटलीभर नमुना घेऊन तपासायला पाठवता येतो, पण नमुना पाठवणारे मालक किती, हा प्रश्न आहेच.

सर्वांत गंभीर हरकत खोडसाळपणाची. ढाब्यावर रात्री डिझेल काढून नेणारे असतात. तिथे खोडी म्हणून किंवा आकसाने कोणी दांडी फिरवली तर सकाळी निघालेलं इंजिन आग्रा रस्त्यावरच्या बिजासन घाटाच्या आधीच जाम होईल, आणि ते दुरुस्त करायचा खर्च तोटीच्या अनेक पट. नट उघडायला निदान पाना लागतो. यावर उपाय साधा आहे: रिक्षाच्या मीटरला असतं तसं तारेचं सील. ऑइल बदलताना तोडायचं, नवं लावायचं. निघण्यापूर्वी ड्रायव्हर टायरला लाथ मारून पाहतो, तसं सीलकडे एकदा वाकून पाहील. ही सवय लावणं सोपं आहे असा माझा दावा नाही.

खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेत अशा तोटीला साधारण तीस-चाळीस डॉलर पडतात. ट्रकच्या एका ऑइल चेंजला फिल्टरसकट याहून जास्त लागतात. तरी एकट्या ट्रकमालकाने नाल्यातल्या पाण्यासाठी स्वतःच्या खिशातून ती घ्यावी, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. सुरुवात एसटीने करावी. जळगाव आणि धुळे हे तिचे दोन स्वतंत्र विभाग आहेत, गाड्या बहुतांश डिझेलच्या, कार्यशाळा स्वतःच्या, आणि घातलेल्या ऑइलचा हिशेब द्यावाच लागतो. एका आगारात सहा महिने काही गाड्या नटाच्या आणि काही तोटीच्या ठेवाव्यात. प्रत्येक गाडीत किती लिटर भरलं, मधे वरून किती घातलं, शेवटी कॅनमध्ये किती आलं, हे लिहावं. इंजिन थोडं ऑइल जाळतंच, पण दोन्ही रांगांत ते साधारण सारखंच जळेल. दोन तुटींतला फरक म्हणजे सांडलेलं ऑइल. तो फरक शून्य निघाला, तर वरचं सगळं मागे घ्यायला माझी हरकत नाही.