लेन्सला पाणी वर्ज्य

नळाचे पाणी पिण्यास निर्धोक असले, तरी कॉन्टॅक्ट लेन्स धुण्यास नव्हे. त्यातील अकॅन्थअमिबा हा एकपेशीय जीव लेन्सला चिकटून कॉर्नियात शिरू शकतो. कवचबद्ध अवस्थेत तो क्लोरीनलाही दाद देत नाही. आरंभी हा संसर्ग हर्पिससारखा भासतो, निदान लांबते, उपचार महिनोनमहिने चालतात आणि काहींची दृष्टी कायमची जाते.

भारतात हा आजार लेन्स न वापरणाऱ्यांतच अधिक आढळला आहे; डोळ्याला झालेली इजा व दूषित पाणी ही त्याची कारणे. त्यामुळे लेन्सधारकांनी निश्चिंत राहू नये. स्नान व पोहण्यापूर्वी लेन्स काढणे बिनखर्चाचे आहे. म्हणूनच प्रत्येक वेष्टनावर ‘पाणी वर्ज्य’ ही सूचना प्रादेशिक भाषांत छापणे बंधनकारक व्हावे.