पॅरिस रोमनांनी वसवले? सीझरची साक्ष काय सांगते

‘पॅरिस हे रोमनांनी वसवलेले शहर’ हे वाक्य इतके सर्वतोमुखी झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज क्वचितच कोणास वाटते. या वाक्याविरुद्धचा पहिला साक्षीदार मात्र खुद्द ज्युलियस सीझर आहे.

इ.स.पू. ५३ मध्ये सीझरने गॉलमधील जमातींची सभा ल्युटेशिया येथे भरवली. हे गाव सीन नदीतील बेटावर असून ते पॅरिसी या केल्टिक जमातीचे आहे, अशी नोंद त्याच्याच युद्धवृत्तान्तात सापडते. नसलेल्या गावी सभा भरत नसते! पुढच्याच वर्षी त्याचा सेनानी लॅबिएनस चालून आला, तेव्हा वयोवृद्ध कॅमुलोजेनसच्या आज्ञेने गॉलांनी ल्युटेशिया पेटवून दिले आणि तिथले पूल तोडले. रोमन सत्ता येण्यापूर्वीच येथे तोडण्याजोगे पूल होते, हे ध्यानात घ्यावे. शिवाय पॅरिसींची स्वतःची सुवर्णनाणी होती.

यावर एक आक्षेप हमखास येतो. नोत्र दाम ज्या बेटावर उभे आहे, तेथे रोमनपूर्व वस्तीचे ठोस अवशेष मिळालेले नाहीत. उलट पश्चिमेकडील नाँतेर येथील उत्खननात मोठी गॉल वस्ती उजेडात आली. आक्षेप वजनदार आहे, पण त्यातून रोमनांचा दावा सिद्ध होत नाही. हा वाद पत्त्याचा आहे. घर बेटावर असो वा नाँतेरला, घरमालक पॅरिसीच.

रोमनांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. सीनच्या डाव्या तीरावरील आखीव नगर, क्लुनीची स्नानगृहे, रंगमंडल हे सारे रोमन राजवटीतले. आजचा सँ-जाक रस्ता त्या नगराच्या मुख्य मार्गावरूनच जातो. परंतु दगड टिकतो आणि लाकूड-माती कुजते, एवढ्यावरून दगडवाल्यांना संस्थापक ठरवणे हा इतिहास नव्हे, आळस आहे.

आणि त्या दगडांवर तरी काय कोरले आहे? १७११ मध्ये नोत्र दामखाली एका स्तंभाचे शिलाखंड सापडले. सम्राट टायबेरियसच्या काळात (इ.स. १४ ते ३७) तो उभारणारे लोक लॅटिन लेखात स्वतःची ओळख ‘पॅरिसी नाविक’ अशी देतात. स्तंभ ज्युपिटरला अर्पण केलेला. पण त्याच्या आणि व्हल्कनच्या जोडीला तेथे झाड तोडणारा एसस आहे, शिंगांत कडी अडकवलेला सर्नुनोस आहे. जिंकले जाऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या, तरी हे नाविक आपल्या जमातीचे नाव आणि आपले देव राजरोस मिरवत होते.

पुढे चौथ्या शतकात ल्युटेशिया हे नावही मागे पडत गेले. ट्रॉयच्या पॅरिस राजपुत्राशी नाते जोडणाऱ्या मध्ययुगीन दंतकथा बाजूला ठेवाव्यात. नगराला चिकटले ते या नाविकांच्या जमातीचेच नाव.