टेन्शन आलंय? चालायला जा! पण चालल्याने खरंच मन हलकं होतं का, आणि चालायचं तरी कुठे?

तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं सावकाश. असं रोज अर्धा तास. 'जपानी वॉकिंग' नावाची ही पद्धत २०२५ मध्ये सोशल मीडियावर जोरात व्हायरल झाली. वजन, बीपी, झोप, टेन्शन, खराब मूड... रील्सवर विश्वास ठेवला तर चालण्याने सगळंच बरं होतं.

यातलं खरं किती? आणि चालणं इतकं सोपं, फुकट आणि गुणकारी असेल, तर आपल्याकडे लोक चालत का नाहीत?

'जपानी वॉकिंग'मागे नेमकं काय आहे?

ही पद्धत नवी नाही. जपानच्या शिन्शू विद्यापीठातील हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्येच यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात मध्यमवयीन आणि वयस्कर लोक होते. एकाच वेगाने चालणाऱ्यांपेक्षा आलटून पालटून वेग बदलणाऱ्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद आणि दम जास्त वाढला, रक्तदाबही कमी झाला. म्हणजे हा अभ्यास मुख्यतः शरीराचा होता. ताण किंवा मूडचे दावे त्याला नंतर चिकटले.

रोज १० हजार पावलांचा आकडाही असाच. तो डॉक्टरांकडून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे '१० हजार पावलांचं मीटर'. जाहिरातीतला हा आकडा पुढे जगभर नियम होऊन बसला.

मग मूडचं काय?

त्यासाठी वेगळे पुरावे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या नियतकालिकात ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात सुमारे ९६ हजार प्रौढांची माहिती होती. दिवसाला ५ हजार किंवा त्याहून जास्त पावलं चालणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी दिसली. ७ हजारांच्या पुढे चालणाऱ्यांमध्ये नैराश्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला.

पण इथे एक मेख आहे. चालल्यामुळे नैराश्य कमी झालं, की नैराश्य असलेली माणसं मुळात घराबाहेरच कमी पडतात? नुसती पावलं मोजून हे कळत नाही.

त्यासाठी प्रयोग करावे लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'बीएमजे'मध्ये अशा २१८ चाचण्यांचं विश्लेषण आलं. त्यात नैराश्य असलेले १४ हजारांहून अधिक लोक होते. चालणं किंवा जॉगिंग, योग आणि वजनं उचलण्याचे व्यायाम यांचा चांगला परिणाम दिसला. व्यायामाचा जोर वाढला तसा फायदाही वाढला. मात्र, हे पुरावे अजून भक्कम म्हणता येणार नाहीत, असंही संशोधकांनी स्पष्ट केलं. आपण व्यायाम करतोय हे करणाऱ्याला माहीत असतंच. त्यामुळे गोळ्यांसारखी 'खरी की खोटी' अशी चाचणी इथे होऊ शकत नाही.

कुठे चालतो, यानेही फरक पडतो?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१५ चा एक छोटा पण गाजलेला अभ्यास यावर बोलतो. ३८ जणांना ९० मिनिटं चालायला पाठवलं. काही जण झाडाझुडपांतून चालले, तर काही जण वाहनांनी भरलेल्या मोठ्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून चालून आलेल्यांच्या मनात तेच तेच नकारात्मक विचार घोळणं कमी झालं. अशा विचारांशी संबंधित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांमध्ये असा बदल दिसला नाही.

आता हा निष्कर्ष घेऊन आपल्या शहरात या. फुटपाथवर पार्क केलेल्या दुचाकी, मध्येच उघडं चेंबर, मागून सतत हॉर्न. डोक्यातले विचार शांत व्हायचे, तर इथे जीव मुठीत धरून चालावं लागतं.

भारतात परिस्थिती काय आहे?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल करायला सांगते. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ मध्ये आलेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची तेवढी हालचाल होत नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर महिलांमध्ये ५७ टक्के होतं.

याला 'आळस' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण डबे, मुलांची शाळा, नोकरी आणि रात्रीचा स्वयंपाक आवरल्यावर एखादीला चालायला वेळ मिळतो तो अंधार पडल्यावर. रस्त्यावर दिवे नसतील, तर ती कुठे जाणार?

भीती खोटीही नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचाऱ्यांचा मृत्यू झाला. म्हणजे दिवसाला सरासरी ९० जण.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर महत्त्वाची भूमिका घेतली. अडथळामुक्त फुटपाथ वापरण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि दिव्यांगांनाही वापरता येतील असे फुटपाथ असण्यावर भर दिला.

पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याच्या काही भागात वाहनांना बंदी असते आणि माणसं रस्त्याच्या मधोमध निवांत चालतात. हा अनुभव सुखाचा आहे. प्रश्न उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे.

मग करायचं काय?

आकड्यांच्या मागे लागू नका. चालताना बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग पुरेसा आहे. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करा. जवळ बाग, शाळेचं मैदान किंवा कमी वर्दळीची गल्ली असेल तर ती निवडा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, चालणं हा आधार आहे, उपचारांना पर्याय नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर 'जरा फिरून ये' एवढं सांगून भागत नाही. अशा वेळी डॉक्टरांशी बोला. 'टेली मानस'ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि २४ तास सुरू असते.

राहिला प्रश्न फुटपाथचा. चप्पल घालून बाहेर पडणं आपल्या हातात आहे. बाहेर पडल्यावर पाय ठेवायला जागा असणं, ही मात्र महापालिकेची जबाबदारी आहे. पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, तर पाणी आणि रस्त्यांसोबत फुटपाथचंही विचारा.