राणीछाप मुशीत घालण्यापूर्वी



भात झोडून होते, पण पैसा हातात पडायच्या आधीच देणेकरी ओटीवर येऊन बसतो. मग घरातल्यांची नजर माळ्यावरच्या पेटीकडे वळते. त्यातून चांदीचा भाव 2024 साली किलोला लाखावर गेला आणि 2025 संपता संपता दोन लाखांच्याही पुढे, तेव्हापासून ज्यांना काही नड नाही त्यांचेही लक्ष तिकडे लागले आहे. बदलापूर-अंबरनाथच्या आसपासच्या गावांतून उल्हासनगरला किंवा कल्याणला सराफाकडे जायला किती वेळ लागतो? थोरला मुलगा म्हणतो, "आजीचे रुपये, ते फुटके तांब्ये, सगळे एकदम आटवून एक लगड करून ठेवू." तेव्हा निघण्यापूर्वी चार गोष्टी ऐकून घ्या.

आमचे मत आधीच सांगतो. चेपलेली भांडी आणि मोडके दागिने आटवायला हरकत नाही. नाणी मात्र आटवू नका. विकायचीच पाळी आली तर नाणी म्हणूनच विका.

याचे कारण साधे आहे. जुना राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी धरली तर 10.69 ग्रॅम. हे टाकसाळीने ठरवून दिलेले असून प्रत्येक सराफाला पाठ आहे. तोच रुपया मुशीत घातला की छाप गेला. मग त्या लगडीचा कस किती, हे टंच काढणारा सांगेल ते. म्हणजे सरकारी शिक्क्याची साक्ष पुसून तुम्ही एका माणसाच्या शब्दावर जाऊन बसलात, वर आटणीची घट आणि मजुरी आहेच.

आता पेटीतले रुपये अंगणात पसरा आणि सालाप्रमाणे वेगळे करा. व्हिक्टोरिया राणीचे, सातव्या एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे रुपये चांगल्या चांदीचे. सहाव्या जॉर्जपाशी जरा थांबा. लढाईच्या काळात चांदी कमी पडली, म्हणून 1940 ते 1945 या सालांच्या रुपयात निम्मीच चांदी आहे, शुद्ध 5.83 ग्रॅम. 1947 सालचा, मागे वाघ असलेला रुपया तर निव्वळ निकेलचा. त्याला लोहचुंबक लावा, चटकन चिकटेल. चांदी चुंबकाला चिकटत नाही.

ही वाटणी न करता सगळे एका फडक्यात बांधून नेले तर काय होते, ते पाहा. हिशेबापुरता भाव किलोला दोन लाख धरू. राणीछाप रुपयात 2,138 रुपयांची चांदी आहे आणि लढाईतल्या रुपयात 1,166 रुपयांची. घेणाऱ्याने "सगळा माल निम्म्या कसाचा" म्हणून सरसकट भाव लावला, तर प्रत्येक राणीछापमागे 972 रुपये तुमच्या पदरातून गेले. वीस नाणी असतील तर साडेएकोणीस हजारांच्या आसपास.

काही सालांना चांदीपेक्षा जास्त मोल येते. पाचव्या जॉर्जचा 1911 सालचा रुपया घ्या. त्यातल्या राजाच्या गळ्यातल्या पदकावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारने बहुतेक माल परत घेऊन वितळवला. म्हणूनच जे उरले ते महाग! सहाव्या जॉर्जचा 1939 सालचा रुपयाही दुर्मीळ आहे. पण म्हणून प्रत्येक रुपया लाखाचा नसतो. सर्वसाधारण सालांना चांदीच्या मोलाहून फार जास्त मिळत नाही. "जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या, आधी फी भरा" असे फोनवर कोणी सांगू लागला तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने 2021 सालीच याबद्दल लोकांना सावध केले आहे. आणि नाणी राखेने किंवा चिंचेने घासू नका. आपल्याला ती लखलखीत दिसतात, पण संग्राहक घासलेल्या नाण्याला भाव देत नाही.

पेटीत 1969 सालचे गांधी शताब्दीचे दहा रुपयांचे नाणे निघाले तर ते बाजूला काढा. ते 15 ग्रॅमचे, ऐंशी टक्के चांदीचे आहे. पण ते स्वतंत्र भारत सरकारचे नाणे आहे, आणि 2011 च्या कायद्याने असे नाणे वितळवणे गुन्हा ठरतो.

दुसरी गोष्ट शेताची. अंबरनाथचे शिवमंदिर 1060 सालचे, म्हणजे आपल्या भागातली वस्ती फार जुनी. नांगराच्या फाळाला किंवा पायाच्या खोदाईत नाण्यांचे मडके लागले तर ते आजीची पेटी नव्हे. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. गुपचूप आटवलात तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते.

भांड्यांचे वेगळे. तांब्या, फुलपात्र, अत्तरदाणी यांवर कसाचा छाप बहुधा नसतो, जोडाला टाका असतो, आणि पोकळ तोड्यांत कधी लाख भरलेली असते. अशा वस्तूचे मोल आटवल्यावरच नीट कळते. ती तुमच्या डोळ्यांदेखत आटवून घ्या आणि त्याच लगडीचा टंच काढून घ्या. यंत्रावरचा टंच वरवरच्या थराचाच असतो, हे ध्यानात असू द्या. देवघरातले टाक झिजले असतील तर त्यांचे काय करायचे ते आपापल्या कुळाचाराप्रमाणे, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा. आमचा त्यात शब्द नको.

आणि तोडे, वाळे, कमरपट्टा कोणाचा आहे? सासूबाईंनी सुनेच्या अंगावर घातला तो सुनेचा. नड घराची असली तरी तिला विचारल्याशिवाय पेटी उघडू नये. पुष्कळ घरांत बैल घ्यायला आणि मुलाच्या फीला आधी तिचीच चांदी गेली आहे, आणि परत कधी आली नाही, हे आम्ही सांगायला नको.

नड थोड्या दिवसांची असेल तर मोडण्याऐवजी गहाण ठेवता येते का ते पाहा. रिझर्व्ह बँकेने 2025 साली काढलेल्या नियमांत चांदीच्या दागिन्यांवर कर्ज देण्याची सोय आहे, दागिने दहा किलोपर्यंत चालतात, आणि अंमलासाठी 1 एप्रिल 2026 ही तारीख ठरवली. पण गंमत अशी, की वीट आणि लगड तारण चालत नाही. म्हणजे मुलाच्या म्हणण्याप्रमाणे तोडे आटवले, तर बँकेचे दारही बंद!

भाव आणखी चढेल का, असे विचाराल. 1980 च्या जानेवारीत अमेरिकेत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा तिथल्या लोकांनीही घरातले चमचे आणि नाणी भट्टीत घातली. मार्चअखेर भाव अकरा डॉलरच्या खाली होता. भावाचे कोणी सांगू नये.

जायचेच ठरले, तर घरातच नाणी मोजून त्यांची साले वहीत उतरवा, आणि मोड वजन करून घ्या. भाव दोन-तीन दुकानांत विचारा. "तोळ्याला इतके" असे कोणी म्हणाला, तर तो तोळा दहा ग्रॅमचा की 11.66 चा, हे आधी विचारा. दोन्ही चालतात. पावतीवर वजन, कस आणि भाव तिन्ही लिहून घ्या, आणि घरातली जी बाई त्या चांदीची धनीण आहे तिला बरोबर न्या.