उठायचं कधी?

दिवाळीच्या रात्री गोवंडीत तीन पत्तीचा डाव बसला की हरणाऱ्याचं एकच पालुपद असतं: ‘आता पान फिरेल.’ पण मागचे डाव पत्त्यांच्या लक्षात राहत नाहीत. ५२ पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० संच निघतात आणि त्यांतल्या जवळपास तीन-चतुर्थांशांत ना जोडी, ना रंग, ना सिक्वेन्स. ओळीने दहा डाव हरलात तरी हे गणित तसूभर हलत नाही. वाईट पानं पॅक करायला सगळे शिकतात. बैठक पॅक करणं कोणालाच जमत नाही. युधिष्ठिराला पहिल्या द्यूतात गेलेलं सगळं धृतराष्ट्राने परत दिलं, तरी तो पुन्हा फाशांसमोर बसलाच! म्हणून किती गेले की उठायचं, हे बसण्याआधीच ठरवावं. हरता हरता घेतलेला निर्णय बहुधा आणखी एका डावाचाच असतो. गोवंडी स्टेशनवरून शेवटची लोकल पकडायची असलेला भिडू त्यातल्या त्यात वाचतो, कारण त्याला घड्याळ उठवतं. मोबाइलवरच्या रमीला शेवटची लोकलच नव्हती. अखेर २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. गल्लीतल्या सतरंजीवर मात्र आपला कायदा आपणच करायचा, आणि त्याचं पहिलं कलम सोपं आहे: घरभाड्याचे पैसे खिशात घेऊन डावाला बसू नये.