गावठाणात पाया: जेसीबी की मिनी?

घरकुल मंजूर झाले की 'जेसीबी बोलवा' हे ठरलेलेच. पण साडेसात-आठ टनांचे हे धूड बोळात शिरणार कसे? शेजाऱ्याची मातीची भिंत खचली की तंटा ग्रामपंचायतीत येतो. दोन-तीन टनांचे मिनी यंत्र पाच-सहा फुटी वाटेतून जाते, चर अरुंद काढते. मात्र ते टेम्पोवर आणावे लागते. जेसीबी स्वतः रस्त्याने येतो, पुढच्या बकेटने ट्रॉलीही भरतो.

म्हणून मळ्यात, मोकळ्या जागेत जेसीबी, दाटीत मिनी. नुसता तासाचा दर पाहून भुलू नका. टेम्पोभाडे आणि जादा खोदलेला चर भरण्याचा खर्चही धरा. २०१६ च्या आवास योजनेत सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार. ते खड्ड्यातच गेले तर भिंती कशाने उठणार? फक्कीने आखणी झाल्याशिवाय यंत्र बोलावूच नये.